सावलीचं वाक्य

पडद्यावरची गाडी पोलादपूर सोडून महाडात शिरली, तेव्हा भाऊसाहेब तांब्यांनी कपाळाला हात लावला.

"पनवेलहून निघालेत ना हे? मग पोलादपूर आधी आणि महाड नंतर? गोव्याला जाऊन परत फिरले वाटतं."

पुढच्या दोन रांगा हसल्या. तांब्यांना तेवढं पुरे होतं. शेजारी बसलेल्या सुंदराबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप ऱ्हावा वो. आपल्या पोरीचा शिनेमा हाय."

पोरीचा होता म्हणूनच तर त्यांचा जीव तळमळत होता. अनुष्का त्यांची एकुलती एक मुलगी. आठ वर्षं मुंबईत नाटकांतून पडेल ते काम करत होती आणि हा तिचा पहिला सिनेमा. कुठल्या थेटरात तो लागला नव्हता, लागायची चिन्हंही नव्हती. शेवटी वस्तीच्या मंडळातल्या चंदूनं महाडात एक सभागृह ठरवलं, रविवारी दुपारी दोनचा खेळ ठेवला आणि खेळ संपल्यावर भाऊसाहेबांचे दोन शब्द, असं पत्रिकेत छापूनही टाकलं. ही जुनी वहिवाट होती. जयंतीला वस्तीत कुणाचंही नाटक होवो, शेवटी भाऊसाहेब, म्हणजे नागसेन तांबे, उठायचे आणि दोन शब्दांत त्याची सालपटं काढायचे. तहसील कचेरीतली कारकुनी त्यांनी पोटासाठी केली. त्यांचा खरा हुद्दा हाच होता.

अनुष्काची चार नाटकं त्यांनी पाहिली होती आणि चारही वेळा "बरं होतं" यापलीकडे त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. म्हणून आज सकाळीच तिचा फोन आला होता. बाबा, सिनेमाला काय शिव्या घालायच्या त्या घाला, पण आज माझ्याबद्दल काहीतरी बोला, एवढंच तिनं मागितलं होतं. तांबे "बघू" म्हणाले होते.

आणि बघत होते ते हे! एक मुलगी आपल्या दुरावलेल्या म्हाताऱ्या बापाला जुनाट गाडीत घालून गावी पोचवायला निघते. वाटेत गाडी पंक्चर होते, एकदा नव्हे, दोनदा. टपरीवरचा चहावाला आयुष्याचा अर्थ सांगतो. पाचाडच्या खानावळीतली बाई जेवण वाढायचं सोडून आयुष्याचा अर्थ सांगते. हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत उभा असलेला परका माणूस तर तेवढ्यासाठीच तिकीट काढून आलेला. "भाकरी कुणी वाढत नाही, सुविचार मात्र पोटभर," तांबे पुटपुटले. लेखक आणि दिग्दर्शक एकच, पहिल्या रांगेत बसलेला तो दाढीवाला तरुण. लिहिणाऱ्याच्याच हाती कात्री, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

पण पोरगी काम चांगलं करत होती. चांगलं कसलं, ती एकटीच ते गाडं ओढत होती. वाक्य कितीही फुसकं असो, बोलण्याआधी ती जराशी थांबायची, तळवा कुर्त्याला पुसायची, समोरच्याकडे न बघता बोलायची, आणि सभागृहात खोकणारा माणूस खोकायचा थांबायचा. ते थांबणं तांब्यांना मनातून फार आवडलं. रक्तातच आहे, ते स्वतःशी म्हणाले. रक्त कुणाचं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. जयंतीसाठी त्यांनी एकोणीस नाटकं लिहिली होती. महाडात भाड्याच्या खोलीत राहत असताना पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढलं आणि त्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला. पुढे ते पोलादपूरला राहायला गेले, पण वह्यांचं दुःख बरोबर नेलं. खरं तर पुरानं त्यांच्यावर उपकारच केला होता. वह्या पुन्हा कुणाला वाचता आल्या नाहीत, आणि न वाचलेलं लिखाण वर्षागणिक थोर होत गेलं.

शेवटचा प्रसंग आला. गाव समोर दिसतंय आणि बाप गाडीतून उतरायला तयार नाही. अनुष्का दार उघडून उभी राहिली.

"रस्ता माणसाला नेत नाही, बाबा. माणूसच रस्त्याला पायाखाली घेऊन जातो."

"अरे देवा," तांबे आता चांगलेच मोठ्यानं म्हणाले. "सहावीच्या पोराचा निबंध. हे लिहिणाऱ्याचं पेन काढून घ्या कुणीतरी."

या वेळी कुणी हसलं नाही. पडद्यावर अनुष्का थांबली होती, तळवा पुसत होती. आणि तेवढ्यात तांब्यांच्या कानाशी अगदी हळू आवाज आला. "माझ्या वाट्याला आला तो रस्ता मी चालले. तुमच्या वाट्याला आलेली सावली तुम्ही कुणालाच दिली नाहीत."

लगेच तेच वाक्य, त्याच शब्दांत, पडद्यावरून आलं.

तांब्यांनी वळून पाहिलं. सुंदराबाईंची नजर पडद्यावर होती, ओठ अजून हलत होते. "तुला कसं ठाऊक?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच हाय, मघाचं रस्त्याचंबी," सुंदराबाई म्हणाल्या. "'सडक' नाटकातलं."

सडक. त्र्याण्णव सालची जयंती. नायिकेच्या कामाला वस्तीतली एकही बाई उभी राहीना, तेव्हा त्यांनी बायकोलाच उभं केलं होतं. चौथी शिकलेली बाई ती, अक्षर लावत वाचायची. म्हणून ते वाचून दाखवायचे आणि ती ऐकून पाठ करायची. तिनं अख्खं नाटक पाठ केलं. आणि खेळाला आठ दिवस उरले असताना, सगळ्या मंडळासमोर, तुझे उच्चार गावठी आहेत, तुझ्या तोंडी माझी भाषा मरते, असं सांगून त्यांनी तिचं काम काढून घेतलं आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीला दिलं. खेळाच्या दिवशी सुंदराबाईंनी दोनशे माणसांचा चहा केला होता. तो चहा तांब्यांना आठवत होता. वाक्य आठवत नव्हतं.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. अनुष्का मंचावर गेली आणि म्हणाली की शेवटच्या प्रसंगाला लेखकाकडे वाक्यंच नव्हती. "मी दिली. माझी आई भांडी घासताना ही वाक्यं म्हणायची. मी लहानपणापासून ऐकत आले. ती तिचीच आहेत."

सगळं सभागृह सुंदराबाईंकडे वळलं. टाळ्या पुन्हा उसळल्या. बाईंनी गांगरून पदर ओढून घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. पोरीला ठाऊक नव्हतं, आता हे खरं काय ते सांगतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलेलं होतं. चंदूनं माइक आणून तांब्यांच्या हातात दिला.

तांबे उठले. जन्मभर ज्या टाळीची वाट पाहिली ती समोर वाजत होती, आणि एका वाक्यात ती आपल्या नावावर करता आली असती. पुरावाही शेजारीच बसला होता. पण ज्याचं पेन काढून घ्यायला त्यांनी पाच मिनिटांपूर्वी सांगितलं, तो माणूस कोण हे आता त्यांना कळलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

"लिखाण कच्चं आहे," ते म्हणाले. दाढीवाल्यानं मान खाली घातली. "पोलादपूर महाडच्या पुढे येतं, तेवढं तरी नकाशात बघायचं. पण कच्चं लिखाण पेलायला पक्कं माणूस लागतं. ते माझ्या मुलीनं पेललं. असं काम मी आजवर पाहिलेलं नाही."

अनुष्कानं तोंडावर हात धरला.

"आणि शेवटची वाक्यं," तांब्यांनी बायकोकडे पाहिलं, "ती हिच्या आईचीच. मी एकोणीस नाटकं लिहिली. मला ते जमलं नाही."

अनुष्का सिनेमाच्या माणसांबरोबर मागे राहिली. ही दोघं साडेपाचच्या पोलादपूर गाडीत बसली. गाडीनं स्टँड सोडलं. तशा सुंदराबाई म्हणाल्या, "खोटं कशापाय बोललाव? वाक्यं तुमची व्हती."

"माझी होती तेव्हा वाईट होती."

"वाईट नाय वो. जड व्हती. त्वांडात बसाया येळ लागला."

"किती?"

सुंदराबाईंनी पदर सावरून खिडकीकडे तोंड केलं. खिडकीबाहेर औद्योगिक वसाहतीतून सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली एकामागून एक मागे पडत होत्या. तांबे बायकोकडे वळून म्हणाले, "म्हणून दाखव ना."

"हितं? यष्टीत?"

"इथंच. तो सगळा संवाद. पहिल्यापासून."

त्या लाजल्या, रागावल्या, पुढच्या बाकावरच्या माणसाची पाठ न्याहाळत बसल्या. मग त्यांनी तळवा पदराला पुसला आणि जराशा थांबल्या. तालमीत, आता कुठला उच्चार चुकतोय आणि हे कधी ओरडतायत, या धास्तीनं त्या अशाच थांबायच्या. पोरीनं ते थांबणं जसंच्या तसं उचललं होतं, आणि दुपारभर तांबे त्यात आपलं रक्त शोधत होते.

सुंदराबाई बोलू लागल्या. समोर न बघता, हळू. रस्त्याचं वाक्य झालं. एकही उच्चार चुकला नाही.

तेवढ्यात तिकिटं घेत घेत कंडक्टर त्यांच्या बाकापाशी आला. तांब्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. सावलीचं वाक्य अजून व्हायचं होतं.