पूजेतला मीटर

मखमलाबादच्या शिवारात झेंडू पिकवणाऱ्यानं तारांच्या नादी लागू नये, असा काही नियम नाही. तरी कुंदनचा विषय निघाला की पारावर हसू फुटायचंच. विहिरीवरची मोटार सुरू झाली की मिसकॉल देणारा एक डबा त्यानं केला होता; तो मोटार बंद असतानाच मिसकॉल द्यायचा. शेजारचा वाल्मीक म्हणायचा, "कुंदनभाऊ, तुमच्या डब्याला आधी शाळंत घाला." कुंदनही हसायचा. छंदच तो, त्याचा हिशेब कोण मागतो?

एक वस्तू मात्र त्याच्या हातून झकास उतरली होती. त्याची लेक निकिता जन्मतः बहिरी. ती तीन वर्षांची असताना सरकारी योजनेतून ऑपरेशन होऊन तिच्या डोक्यात यंत्र बसलं, आणि कानावर अडकवायचं एक मशीन मिळालं. दोन्ही मिळून तिला ऐकू यायचं. आता सातवं सरत आलं होतं आणि पोरगी पोपटासारखी बोलायची. पण त्या मशीनचे बटणाएवढे सेल भर वर्गात मान टाकायचे, आणि मग पोरगी घरी येईपर्यंत बहिरी.

म्हणून कुंदननं कमरेला बांधायची डबी केली. आत जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन सेल, आणि त्यांचे आठ व्होल्ट उतरवून तीनवर आणणारी काडेपेटीपेक्षा लहान पट्टी. स्टेप-डाउन म्हणतात तिला, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. पट्टीवर एक निळा ठोकळा आणि त्यावर इवलासा पितळी स्क्रू, डबीच्या झाकणाला पाडलेल्या भोकातून वर आलेला. तो फिरवला की बाहेर येणारे व्होल्ट कमीजास्त होतात. डबीतून एक वायर निकिताच्या मशीनला जायची आणि दिवसभर काळजी नसायची. तिनाचे चार-पाच झाले तर मशीन जळेल, हे कुंदन जाणून होता. म्हणून रोज सकाळी तो मीटर लावून बघायचा, तीन दिसले की मगच वायर जोडायचा. शुभांगी, त्याची बायको, चेष्टेनं विचारायची, "झाली का मीटरची आरती?" पण ती व्हायच्या आधी तिनंही कधी वायर जोडली नाही.

दसरा म्हणजे झेंडूवाल्यांची लगीनघाई. खंडेनवमीला कुंदन आणि शुभांगी पहाटेच फुलांचे क्रेट घेऊन नाशिकच्या बाजारात गेले. घरी निकिता आणि कुंदनची आई, कलाबाई. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि पूजेच्या बाबतीत कलाबाई कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप, सगळं धुऊनपुसून तिनं पाटावर मांडलं. मग कुंदनचं कपाट उघडलं. लेकाचीही ती हत्यारंच की! सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मीटर आणि लेकराच्या कानाची डबी. डबीला तिनं सगळ्यांत आधी कुंकू लावलं. निकिता शेजारी बसून सगळं बघत होती. त्या दिवशी निकितानं कानाला बटणाचे सेल घातले होते.

दसऱ्याच्या सकाळी ते सेल संपले. घरात दुसरे नव्हते आणि सणामुळं दुकान बंद. निकिता रडकुंडीला आली. तिला आईबरोबर रस्त्यावरच्या फुलांच्या गाड्यावर बसायचं होतं, गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं. कुंदननं पाटावरची डबी उचलली आणि सवयीनं हात मीटरकडं गेला.

"मीटरला हात नको लावू," कलाबाई म्हणाली. "उत्तरपूजा व्हायची हाय अजून. हत्याराला विसावा असतो."

"आई, डबी पण पूजेतच हाय ना?"

"डबी हत्यार हाय का? लेकराचा कान हाय तो. कानाला देव नाय म्हणत नाय."

कुंदननं मनाशी हिशेब केला. परवा सकाळी मोजलं तेव्हा बरोबर तीन होते, मधे कुणी वापरलेली नाही, कुणी पाडलेली नाही. आईचं मन राहील, पोरीचं काम होईल. कुंदननं मीटर होता तिथंच राहू दिला आणि वायर जोडली.

निकिता दचकली. तिनं दोन्ही हातांनी मशीन ओढून काढलं आणि बापाकडं बघत राहिली. मशीनला जळकट वास येत होता. कुंदननं वायर उपटली, फुंकर मारली, ताजे सेल शोधायला गाडी काढून गावभर फिरला, मेडिकलवाल्याला घरातून उठवून आणलं. सेल घातले. काही उपयोग झाला नाही.

मीटर लावला तेव्हा डबीतून आठ व्होल्ट येत होते.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर कलाबाई ओसरीवर बसून म्हणाली, "तुझ्या त्या डबीचं सामान लय तकलादू बघ. काल पुसताना तिचा पितळी स्क्रू ढिला लागला. ढिलं हत्यार देवापुढं ठेवू नये, म्हून तुझ्याच बारक्या पेचकसानं आवळला. फिरतच राहिला मेला, शेवटाला टकटक वाजाया लागला तवा सोडला. नवा बसव."

कुंदन ओरडणारच होता. त्यानं आईच्या हाताकडं पाहिलं. नखांत अजून हळद होती. "बसवतो," तो म्हणाला आणि उठून गोठ्याकडं गेला. तिथं तो रडला. आईनं स्क्रू आवळला, पण वायर त्यानं जोडली होती. रोज मोजणारा माणूस एका दिवसाच्या भिडेला बळी पडला होता, आणि भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

शुभांगीला त्यानं एवढंच सांगितलं की आपण मोजलं नाही. ती त्याला वाट्टेल ते बोलली, आणि मग बोलेनाशी झाली.

दवाखान्यातल्या मॅडमनी मशीन उघडून पाहिलं. डोक्यातलं यंत्र शाबूत होतं, पण त्याच्याशी जुळणारं बाहेरचं मशीन कंपनीनं बनवणंच बंद केलं होतं. जे नवं जुळतं ते योजनेत बसत नव्हतं, आणि ते घ्यायचं तर सामाईकातला मळा विकावा लागणार. भाऊबंद त्याला कबूल नव्हते. कुंदननं भिंगाखाली ते जळकं मशीन किती वेळा उघडलं असेल. आतला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होता, आणि तो त्याला दुरुस्त होईना.

कलाबाई वणीच्या देवीला नवस बोलली. चैत्रात ती निकिताला घेऊन गड चढली. परत आल्यावर तिनं पोरीच्या कानावर ते मेलेलं मशीन अडकवलं, कुंकू लावलं, आणि तिच्यापुढं बसून विचारलं, "आलं का गं ऐकू?"

निकितानं तिच्या ओठांकडं बघितलं आणि मान डोलवली. "आलं."

कलाबाईनं टाहो फोडला, पोरीला पोटाशी धरलं, मग पदरानं डोळे पुसत हसत हसत साऱ्या आळीत साखर वाटायला निघाली. "देवीनं दिलं! माझ्या लेकराला देवीनं दिलं!" शुभांगी दारात धावत आली आणि कुंदनच्या तोंडाकडं बघून तिथंच थांबली.

निकिता पाठमोरी बसून पायातली चप्पल काढत होती. "निकी," कुंदननं हाक मारली. मग मोठ्यानं. मग अंगणातला पत्रा उचलून फरशीवर आपटला. झाडावरचे कावळे उडाले. पोरीच्या चपलेचा बंद सुटत नव्हता, ती तो सोडवत राहिली.

तो तिच्यासमोर जाऊन बसला, तेव्हा तिनं वर पाहिलं.

"आजीला खोटं का सांगितलं?" त्यानं सावकाश विचारलं, एकेक शब्द ओठांनी दाखवत.

निकितानं दाराकडं बघितलं, आजी नाही याची खात्री केली, आणि बापाच्या कानाशी तोंड नेलं. सहा महिने स्वतःचा आवाज न ऐकलेल्या त्या पोरीला वाटलं आपण कुजबुजतोय. ती ओरडली, आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं.

"आजीनं स्क्रू फिरवला ना, म्हून. तिला कळू देऊ नको."

आळीच्या तोंडाशी कलाबाई वाल्मीकच्या बायकोच्या हातावर साखर ठेवत होती. तिचा हात तसाच राहिला.