खिडकीवाले मास्क

हे लिहायचंच नव्हतं. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. कारण यात एक चष्मेवाला येतो, आणि तो काही फार चांगला दिसत नाही. तो चष्मेवाला म्हणजे मीच. पण 'मी, मी' करत लिहायला बसलो की हात आपोआप स्वतःची बाजू सावरायला लागतो. म्हणून ठरवलं, त्यालाही बाकीच्यांसारखाच लांबून बघायचा. तसंही गोष्ट त्याची नाही. गोष्ट टेलरची आहे, आणि टेलरच्या मुलीची.

टेलरचं दुकान चष्मेवाल्याच्या दुकानाला लागून. मध्ये एकच भिंत, तीही इतकी पातळ की इकडे मशीन चालू झाली की तिकडे फ्रेमा थरथरायच्या. टेलरची मुलगी सात वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, पण सगळे तिला बटण म्हणायचे. गोल तोंड, आणि जिथे बसवाल तिथून न हलणारी. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. कानात यंत्र होतं, त्यातून ट्रकचा हॉर्न तेवढा कळायचा. बाकी सगळं ती समोरच्याच्या ओठांवरून उचलायची.

आणि इथेच टेलरची पंचाईत होती. वीस वर्षं तोंडात टाचण्या धरून त्याचे ओठ हलायचेच बंद झाले होते. टाचण्या नसल्या तरी तो दातांच्या मागूनच बोलायचा. गिऱ्हाइकांना सवय झाली होती. बटण मात्र त्याच्या तोंडाकडे बघायची, बघायची, आणि शेवटी कैची उचलून हातात द्यायची. बहुतेक वेळा त्याला कैचीच हवी असायची, म्हणून बापलेकीचं निभावत होतं.

चष्मेवाल्याकडे बघण्यात तर काही अर्थच नव्हता. त्याची मिशी अशी झुपकेदार की वरचा ओठ कुणी वर्षानुवर्षं पाहिलेला नाही. तो बोलायला लागला की बटण दोन्ही हातांनी झुडूप बाजूला सारल्यासारखं करायची आणि स्वतःच हसत सुटायची.

"पोरगी माझी इज्जत काढते, टेलर."

"आहे कुठे काढायला," टेलर टाचण्यांमधून म्हणायचा.

बटणला नीट कळायचे ते फक्त बाईंचे ओठ.

बाईंची शाळा रस्त्याच्या टोकाला, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. एक लांब खोली, अकरा मुलं आणि एकट्या बाई. बाई प्रत्येक मुलाच्या समोर खाली बसायच्या, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा, आणि एकेक शब्द ओठांवर मांडून दाखवायच्या. मूल बघणार, मग स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून आवाज काढणार. बटणला त्यांनी आवाजासकट पहिला शब्द शिकवायला घेतला होता. 'माप'.

"ओठांवर स्पष्ट दिसतो, आणि बापाच्या धंद्यातला आहे," बाई म्हणाल्या होत्या. "अजून कच्चा आहे हं. पक्का झाला की ऐकवते तुम्हाला. तोवर घरी तिच्या मागे लागू नका."

टेलर मागे लागला नाही. पण गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावताना दर वेळी तो बटणकडे एकदा बघून घ्यायचा.

मग तो आजार आला. मोठ्या शाळा एकामागून एक बंद झाल्या. बाईंची शाळा लहान, कुणाच्या नजरेत न येणारी, म्हणून तीनेक आठवडे तशीच चालली. एक दिवस बाईंनी सगळ्या पालकांना बोलावलं. सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन, एकमेकांपासून लांब लांब बसले. खिडक्या सताड उघड्या.

"मी दिवसभर वॉर्डात असते," दवाखान्यातली नर्स म्हणाली. तिची मुलगी बटणच्या शेजारी बसायची. "घरी गेले की आंघोळ केल्याशिवाय लेकीला जवळ घेत नाही. शाळेला कुलूप लागलं तर तिला ठेवू कुठे? वॉर्डात?"

"आणि माझं काय?" टॅक्सीवाला म्हणाला. "घरात म्हातारा बाप. एका खोलीत पाच माणसं. पोराने इथून आजार आणला तर बाप जायचा माझा."

"मग तुमचा मुलगा घरी ठेवा ना," नर्स म्हणाली.

"ठेवतो की. म्हणजे तुमची पोरं पुढे जाणार आणि माझा तिथेच राहणार. मोठ्या मुश्किलीने पाणी मागायला शिकलाय तो." त्या खोलीत प्रत्येकाला दोन्ही गोष्टींची भीती होती, शाळा चालू राहण्याची आणि बंद होण्याचीही.

बाईंनी हातातला कागद उलगडला. "गुरुवारी आरोग्य खात्याचे साहेब येणार आहेत. मला धरून सगळ्यांच्या तोंडाला पूर्ण वेळ मास्क हवा. तसा वर्ग चालवून दाखवला तर शाळा चालू. नाहीतर त्याच दिवशी बंद." त्यांनी कागदाची घडी केली. "आता माझं तोंड झाकलं तर मुलांनी बघायचं काय? माझं कपाळ?"

दोघं-तिघं हसली. टेलर हसला नाही. तो कागदाकडे नाही, बाईंच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने खिशातला टेप काढला.

"खिडकी लावू," तो म्हणाला.

"काय?"

"मास्कला. ओठांपुरती. पारदर्शक."

त्या दिवसापासून टेलरने दुसरं काम हातात घेतलं नाही. एका कोटाचं गिऱ्हाईक रागावून कापड परत घेऊन गेलं. टेलरच्या दुकानात एक जुना पुतळा होता, डोक्यासकट, टोपीच्या कामासाठी घेतलेला. त्याच्या तोंडावर तो मास्क चढवायचा, खडूने खूण करायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा. त्याने सगळा विचार केला होता. इलॅस्टिक कानातल्या यंत्राला अडकतं, म्हणून डोक्यामागे बांधायचे बंद लावले. प्लास्टिक गालाला कापू नये म्हणून कडेला मऊ अस्तर. खिडकीतून हवा जाऊ नये म्हणून दुहेरी शिलाई. नीट शिवलेल्या गोष्टीचा जो एक थाट असतो, तो त्या मास्कांना होता.

एक गोष्ट मात्र त्याने केली नाही. मास्क स्वतःच्या तोंडाला लावून बघितला नाही. त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दुसऱ्यासाठी शिवलेलं आपल्या अंगाला लावायचं नाही, पुतळा कशासाठी आहे? वीस वर्षांत टेलरने कुणाचा शर्ट गंमत म्हणूनही घालून बघितला नव्हता. आणि हे तर तोंडाला लावायचं, तेही अशा दिवसांत.

बुधवारी दुपारी चष्मेवाला बघायला आला. पुतळा खिडकीतून लाल रंगवलेले ओठ दाखवत उभा होता.

"कसा वाटतो?"

"झकास!" चष्मेवाला म्हणाला. "याला बायको शोधा आता."

इतकंच बोलून तो परत गेला. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती.

गुरुवारी दहा वाजता साहेब आले. सभ्य माणूस होता, दारातच उभा राहिला. टेलर आणि त्याची बायको मागच्या भिंतीला टेकून उभी. बायको बेकरीतून सुट्टी घेऊन आली होती, केसांत अजून पीठ.

बाईंनी त्याच सकाळी हातात पडलेला मास्क बांधला. मुलांनी बांधले. खिडक्यांतून बारा तोंडं दिसायला लागली. बाई म्हणाल्या, 'बूट', मुलांनी बुटाकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, 'पाणी', टॅक्सीवाल्याच्या पोराने सगळ्यांच्या आधी बाटली उचलली. साहेबांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. टेलरने बायकोचा हात धरला. चारचौघांत त्याने असा हात कधी धरला नव्हता.

मग बाई बटणसमोर बसल्या. टेप तिच्या हातात दिला. आज त्या तो शब्द ऐकवणार होत्या.

बाईंच्या खिडकीला खालून वाफ धरायला लागली. आधी कोपऱ्यात, मग अर्ध्यावर. बाई बोलल्या तशी अजून धरली. दुहेरी शिलाई होती, हवेला कुठे वाटच नव्हती. बटण पुढे वाकली, अजून वाकली. समोर नुसतं पांढरं. तिने आजूबाजूला बघितलं. सगळ्यांची तोंडं पांढरी झाली होती, नर्सच्या मुलीचंही. तिने बोटाने बाईंची खिडकी पुसली. वाफ आतून होती, पुसली जाईना. तिने पुन्हा पुसली. मग ती रडायला लागली, मोठ्याने, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात.

बाईंनी मास्क खाली ओढला आणि तिला जवळ घेतलं.

साहेबांनी पेन थांबवलं. "बाई, मला कळतंय हो," ते म्हणाले. "पण मला जे दिसलं तेच मला लिहावं लागतं."

त्याच दुपारी कुलूप लागलं.

घरी बायकोने बटणला झोपवलं आणि मग विचारलं, "अहो, पुतळ्याला श्वास असतो का?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती.

पुढचे दिवस बटण दुकानात बसून असायची. रस्त्यावर सगळ्यांची तोंडं झाकलेली, तिला कुणाकडेच बघायचं कारण नव्हतं. टेलरने टाचण्या डबीत टाकल्या. आरशासमोर उभा राहून ओठ हलवायला बघायचा, पण ते लाकडासारखे. तो 'माप' म्हणायचा आणि बटण त्याला कैची द्यायची.

बाराव्या दिवशी तो दोरा आणायला बाहेर पडला आणि चष्मेवाल्याच्या काचेच्या दारापाशी थांबला. आत चष्मेवाला एका आजोबांचा चष्मा हातात घेऊन त्यावर ओल्या साबणाचं बोट फिरवत होता. मग कोरड्या फडक्याने पुसून परत दिला. आजोबांनी मास्कवर चष्मा चढवला, दोन-तीनदा जोरात श्वास सोडला आणि खूश होऊन बाहेर पडले.

टेलर दारात उभा. "हे काय केलंस?"

चष्मेवाल्याने साबणाची डबी मागे सरकवली. उशीर झाला होता.

"भिंग्या, काय केलंस ते विचारतोय."

"साबण. मास्कमुळे काचेला वाफ धरते ना. साबण लावला की धरत नाही."

"कधीपासून करतोयस?"

"मास्क आले तेव्हापासून. दिवसाला वीस-पंचवीस तरी."

टेलर दारातल्या स्टुलावर बसला. "बुधवारी आला होतास."

"हो."

"बघितलंस मास्क."

"बघितला. डोक्यातच नाही आलं, टेलर. आईशप्पथ. पुतळ्यावर इतका स्वच्छ दिसत होता..." त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. "गुरुवारी संध्याकाळी वहिनींनी सांगितलं वाफेचं, तेव्हा माझ्या हातात ही डबीच होती."

"आणि बारा दिवस गप्प बसलास."

"कुठल्या तोंडाने सांगू?"

टेलर उठला. चष्मेवाल्याला वाटलं, आता मारतो. त्याने मारावं असंही वाटलं. पण टेलर आपल्या दुकानात गेला, एक मास्क घेऊन आला, डबीत बोट बुडवलं, खिडकीवर आतून फिरवलं, पुसलं. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्यासाठी शिवलेली वस्तू स्वतःच्या तोंडाला बांधली. तसाच उभा राहिला. घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली. खिडकी स्वच्छ. आत त्याचे लाकडासारखे ओठ स्पष्ट दिसत होते.

"चल," तो म्हणाला.

दोघं जवळजवळ धावतच शाळेकडे गेले. गोदामाच्या जिन्यावरून हमाल खोकी वर नेत होते. वरच्या खोलीत फळ्यापर्यंत खोकी लागली होती. बुटक्या खुर्च्या एकात एक घालून दाराबाहेर ठेवलेल्या. खाली रस्त्यावर बाई दोन पिशव्या घेऊन गाडीची वाट बघत होत्या.

टेलरने मास्क पुढे केला. "बाई, आता वाफ धरत नाही. साबण लावायचा. एवढंच होतं."

बाईंनी मास्क उलटसुलट करून बघितला. शिलाईवरून बोट फिरवलं. "किती सुंदर शिवलाय हो," त्या म्हणाल्या. "मालकाने जागा गोदामाला दिली. साहेबांकडे मी परत गेले होते, पण जागाच नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार? मी भावाच्या गावी चाललेय. हे सगळं निवळलं की जागा शोधायला परत येईन. येणारच आहे." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "हिच्या शब्दांची आहे. रोज दहाच. समोर एकाने स्वच्छ ओठांनी बोलायचं, आणि तिचा हात तिच्या गळ्यावर ठेवायला शेजारी दुसरं कुणीतरी. आणि थांबू नका, टेलर. या वयात महिना-दोन महिने गेले ना, की मूल तोंडाकडे बघायचंच सोडून देतं."

गाडी आली. बाई गेल्या.

परतताना चष्मेवाल्याच्या दारापाशी टेलर थांबला. काचेच्या आत मोकळी जागा होती. बाहेर पायरीवर बटण बसली होती, रस्त्याकडे पाठ करून.

"बेकरीतून बायको तिन्हीसांजेला येते, तेव्हा ती दमून गळालेली असते," टेलर म्हणाला. "माझे ओठ तयार व्हायला वेळ लागेल. तोवर ही विसरून जाईल." त्याने काचेवर हात ठेवला. "मास्कच्या खिडकीतून नुसते ओठ दिसतात. आत कुणी मास्क काढून उभं राहिलं, तर बाहेरून अख्खा चेहरा दिसेल. मी तिच्याशेजारी बसेन."

"मी उभा राहतो," चष्मेवाला म्हणाला.

"रोज?"

"रोज."

"कंटाळशील."

"नाही कंटाळणार."

टेलरने त्याच्याकडे बघितलं. रागावलेला होताच अजून, आणि ते त्याने लपवलंही नाही. मग वही उघडून पहिल्या पानावर बोट ठेवलं. बाईंच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता.

"पण तुझी मिशी," तो म्हणाला.

चष्मेवाल्याचा हात मास्कखालच्या मिशीवर गेला. पायरीवरच्या बटणने वर बघितलं, आणि सवयीने दोन्ही हातांनी झुडूप बाजूला सारलं. या वेळी ती हसली नाही.

"उद्या दहाला," चष्मेवाला म्हणाला, "काचेमागे बिनमिशीचा माणूस दिसेल. तो मीच. बाई परत येईपर्यंत रोज तिथेच असेन, टेलर. एकही दिवस चुकवणार नाही."