माझ्यावरची नववी ओळ

मित्रांनो, मी एका हायस्कूलच्या व्हरांड्यातला जुना लाकडी फलक आहे. माझ्या माथ्यावर 'आमचे गुणवंत माजी विद्यार्थी' असं लिहिलेलं आहे. गुणवंत ते, मी नव्हे. मी नुसती फळी. म्हणून आपली गोष्ट कुणाला सांगावी की नाही, याबद्दल मी बरीच वर्षं घुटमळलो. आज सांगतो आहे, कारण माझ्यावरच्या एका ओळीनं मला अठ्ठावीस वर्षं स्वस्थ राहू दिलं नाही.

आमची शाळा जळकोटच्या जवळ, हायवेला लागून आहे. प्रयोगशाळेतल्या एका टेबलावर ॲसिड सांडलं, तेव्हा सुतारानं त्याचा वरचा भाग सोडवून मला घडवलं. उजव्या कोपऱ्यात तो डाग अजून आहे. मला काळा रंग दिला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर दोन खिळ्यांवर टांगलं. समोरून ट्रक गेला की मी भिंतीवर थरथरतो. ही सवय माझी जन्मापासूनची.

माझ्यावरची अक्षरं गुरुसिद्धप्पा पेंटर काढत. एरवी ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. पण माझ्यावर वेलांटी ओढताना श्वास रोखून धरायचे. नाव लिहून झालं की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर घरची माणसं येत. माझ्याखाली नारळ फुटे. मुख्याध्यापक नाव वाचत आणि सगळी शाळा ते त्यांच्यामागून मोठ्यानं म्हणे. पहिली ओळ पंचाक्षरी डॉक्टरांची. चौथी महेश्वरीची, तिनं कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन केलं. तिच्या आईनं नारळाचं पाणी माझ्यावर शिंपडलं होतं. त्या दिवशी मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग १९९६ साल आलं आणि नववी ओळ आली.

सोमेश महांतप्पा हत्तुरे हा आमचा हुशार विद्यार्थी राज्यसेवेच्या परीक्षेला बसला होता. त्या परीक्षेचे तीन टप्पे असतात: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. सोमेशचा नंबर पूर्व परीक्षेच्या निकालात छापून आला. गावात पेढे वाटले गेले. पूर्व म्हणजे काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मुख्याध्यापकांनी उमाशंकर सरांना बोलावलं. सर मराठी शिकवत आणि ग्रंथालय सांभाळत. अक्षर सुंदर, म्हणून पेंटरला द्यायची चिठ्ठी तेच लिहीत.

"सर, ही पहिलीच परीक्षा आहे," उमाशंकर सर हळूच म्हणाले.

"अहो, शेजारच्या शाळेनं नवा फलक करायला टाकलाय. आपण मागं राहायचं का?"

सरांनी चिठ्ठी लिहिली. गुरुसिद्धप्पांनी माझ्यावर 'उपजिल्हाधिकारी' असं रंगवलं. नारळ फुटला. फेटा बांधलेला सोमेश माझ्याखाली उभा होता. फेटा सारखा कपाळावर ओढत तो पुटपुटला, "अजून दोन बाकी हायेत."

"त्या काय, होतीलच," मुख्याध्यापक म्हणाले.

त्या झाल्या नाहीत. सोमेशनं मुख्य परीक्षा तीनदा दिली. मग तो एसटीत ड्रायव्हर झाला आणि बदली मागून घेऊन भूम डेपोत गेला. आमच्या बाजूची ड्युटी तो घेत नाही, असं शिपाई एकमेकांना सांगत. माझ्यावरची ओळ मात्र तशीच राहिली. पुसायची कुणी? मुख्याध्यापक बदलत गेले आणि प्रत्येक नवे मुख्याध्यापक मुलांना माझ्यासमोर उभं करून म्हणत, "ह्यांच्याकडं बघून शिका." मुलं वर बघत. एखादा ट्रक यावा आणि मी खिळ्यावरून खाली पडावं, असं मला वाटे. एकदा डावा खिळा निघालाही. पण मी तिरका लोंबकळत राहिलो, एवढंच.

सोमेशचे वडील महांतप्पा दर झेंडावंदनाला येत. त्यांना कानडी वाचता येई, मराठी वाचताना मात्र अडखळत. ते वरून बोटानं ओळी मोजत. नवव्या ओळीवर बोट थांबे. थोडा वेळ तसेच उभे राहत आणि मग काठी टेकत निघून जात. त्या बोटाखाली खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. पण फळीला कुठं बोलता येतं?

पुढे फ्लेक्सचा जमाना आला. माझी नावं, नवव्या ओळीसकट, चकचकीत फ्लेक्सवर उतरली आणि माझी रवानगी खेळाच्या खोलीत झाली. तिथं तुटक्या लेझिमांशेजारी मी पाच वर्षं होतो. पाठीला वाळवी लागली. पण खरं सांगतो, तिथं मला जरा बरं वाटे. माझ्याकडे बघून शिकणारं कुणी नव्हतं.

शाळेला पन्नास वर्षं झाली तोवर फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला होता. मुख्याध्यापिका शिवांजली मॅडमनी मला बाहेर काढलं, वाळवीवर औषध मारलं आणि निवृत्त उमाशंकर सरांना निरोप धाडला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याआधी प्रत्येक नाव तपासायचं. जे खरं नाही ते फलकावर राहणार नाही. सरांनी बाकीच्या अकरा ओळी तपासल्या. नवव्या ओळीपाशी फडकं हातात धरून ते दोन दिवस नुसते बसून राहिले. मग त्यांनी सोमेशला फोन लावला. तीन वेळा तो वाजायच्या आत कापला, चौथ्यांदा बोलले.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सोमेश आला. अंगावर खाकी कपडे. केस पांढरे झाले होते. मला ग्रंथालयात बाकाला टेकवून ठेवलं होतं. गुरुसिद्धप्पा रंग ढवळता ढवळता म्हणाले,

"या साहेब. लई वर्सांनी शाळंला पाय लागले."

"मामा, साहेब नका म्हणू. त्या शब्दापायी म्या ही वाट टाकली."

उमाशंकर सरांनी मान वर केली नाही. "चिठ्ठी मी लिहिली होती, सोमेश. मला माहीत होतं, तरी लिहिली."

"मलाबी माहीत होतं, सर. फेटा तर म्या बांधून घेतलाच की."

सरांनी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. सोमेशनं त्यांचं मनगट धरलं. "पुसू नका. अप्पा वरून मोजत येतेत. नववी ओळ रिकामी दिसली तर त्यांला काय वाटंल? मी उद्या येत न्हाय, म्हंजे कुणी काय विचारायचं न्हाय."

"मॅडमना काय सांगू?" सरांचा हात थांबला. मी श्वास घेणारा असतो, तर तो रोखला असता.

"आधी ह्यांला इचारा," गुरुसिद्धप्पा दाराकडं बघत म्हणाले. "मीच सकाळी घरी जाऊन सांगून आलो."

दारात महांतप्पा उभे होते. घरून चालत आल्यानं त्यांना धाप लागली होती.

"पुसा, गुरुजी."

"अप्पा, तुमी..."

"तू गप. दर झेंड्याला येऊन बघतोय, कुणी पुसलं का म्हून. तोंडानं कसं सांगू? तुला वाटलं असतं, बापालाबी माझी लाज वाटाया लागली." ते बाकावर टेकले. "आन् एसटीच्या साहेबांनी दिलेला बिल्ला खिशात का ठिवलायस? काढ."

सोमेशनं बिल्ला काढला. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकांना देतात, तो होता.

"पंचवीस वर्सं गाडी हाकली, गुरुजी. कोंबडीचं पिल्लूबी चाकाखाली आलं न्हाय. ते लिवायला जागा हाय का ह्या फळ्यावर, का ह्यो फकस्त साहेब लोकांचा हाय?"

सरांनी नवव्या ओळीवरून फडकं फिरवलं. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. पण या वेळी ती पेंटरकडं न देता आधी सोमेशपुढं धरली.

सोमेशनं ती दोनदा वाचली. "'आदर्श' काढा, सर. जेवढं खरं तेवढंच ठिवा."

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. मॅडमनी वाचलं आणि सगळी शाळा मागून म्हणाली: सोमेश महांतप्पा हत्तुरे, एसटी चालक, पंचवीस वर्षांत एकही अपघात नाही. मागच्या रांगेत दोघे हसले, ते मी ऐकलं. महांतप्पांनी वरून ओळी मोजल्या.

"वल्लं हाय अजून, हात लावू नका," गुरुसिद्धप्पा म्हणाले. तेव्हा ते बोट नवव्या ओळीच्या जरा अलीकडं, हवेतच थांबलं.

मित्रांनो, जुना रंग पुरता गेलेला नाही. सकाळचं तिरपं ऊन पडलं की ती आधीची अक्षरं खालून पुसट दिसतात. ट्रक गेला की मी अजून थरथरतो, आणि बाकीच्या ओळींतली माणसं आपापल्या ओळीबद्दल काय म्हणत असतील, हा विचारही मला सोडत नाही. माझ्यावर तीन ओळींची जागा शिल्लक आहे. मला कोरड्या फडक्यानं पुसत जा, पाठीला वाळवी लागली तर वेळेवर बघा. आणि त्या जागेवर कुणाचं नाव घालायचं ठरलं, तर पेंटरला बोलावण्याआधी त्या माणसाच्या हातात चिठ्ठी द्या आणि त्याला ती दोनदा वाचू द्या.