सात मशिनं आणि एक बोट

बस डेपोतल्या स्टोअरच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला सगळे काडी म्हणायचे, आणि त्यात कुणाचा काही दोष नव्हता. माणूस होताच तसा. पँट पट्ट्याच्या भरवशावर, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा, आणि गाल इतके आत की दाढी करताना फुगवून धरावे लागत. वायपरची पाती, बल्ब, पंख्याचे पट्टे जाळीतून द्यायचे आणि सही घ्यायची, वीस वर्षं हेच काम. ड्रायव्हर लोक म्हणायचे, "काडी, वारा सुटला की खिशात दोन नट टाकत जा रे बाबा, उडून जाशील." तो हसायचा. दुसरं काय करणार? अंगावर मांस नसलेल्या माणसाला लोक मत विचारत नाहीत, बल्ब मागतात.

मग एके दिवशी एका ड्रायव्हरला स्टिअरिंगवरच भोवळ आली आणि बस थांब्याच्या खांबाला जाऊन टेकली. नशिबाने फक्त खांब वाकला. पण कंपनी जागी झाली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला साखर तपासायचं एकेक मशीन मिळालं. दर सोमवारी उपाशीपोटी बोट टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, आकडा मशीन स्वतःच लक्षात ठेवणार, आणि मशीन ऑफिसात नेऊन दाखवायचं. ओळीने तीन सोमवार दीडशेच्या वर गेला की स्टिअरिंग सुटलं. मग ऑफिसात बसून कागदांना टाचण्या लावा.

आपल्या डेपोत असे सात जण होते. सगळ्यांत जुने उस्ताद, सगळ्यांत रुंद ढोल्या, आणि बाकीचे पाच त्या दोघांच्या मधले. सातही जण चहात साखर घालत नसत, साखरेत चहा घालत. मशिनं हातात पडली तसे सगळ्यांचे चेहरे उतरले. ढोल्याने तर डबी उघडलीच नाही. म्हणाला, "न बघितलेला आकडा काय वाईट?"

शक्कल उस्तादांची. सोमवारी सकाळी सहाला ते स्टोअरच्या खिडकीशी आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "काडी, तुझं बोट दे."

"कशाला?"

"अरे, तुझ्या अंगात साखर थांबणार कुठे? जागा आहे का?"

आकडा आला ब्याण्णव. उस्तादांनी मशीन कपाळाला लावलं. पाच मिनिटांत खिडकीशी सात जणांची रांग. सात सुया, सात थेंब, सगळे नव्वदीच्या घरात. ऑफिसातल्या कारकुनाने तोंडभरून कौतुक केलं, आणि वर पत्र गेलं की या डेपोतले ड्रायव्हर तरण्या पोरांसारखे ठणठणीत आहेत.

आता फुकटात कुणाचं रक्त घ्यायचं म्हणजे बरं दिसत नाही. शिवाय रक्त गेलं की गोड खावं हे सगळ्यांना ठाऊक. मग ते थेंबभर का असेना! उस्तादांनी क्रीमची बिस्किटं आणली, ढोल्याने केकचा तुकडा, कुणी चॉकलेट, कुणी जॅम लावलेला पाव. सात जणांचे सात अर्धे कप चहा, त्यात प्रत्येकी तीन चमचे. काडीने आधी आढेवेढे घेतले. पण वीस वर्षांत त्या खिडकीशी कुणी काही मागायलाच यायचं. द्यायला कुणी आलं नव्हतं. त्याने सगळं खाल्लं. मग सोमवारचं मंगळवारी उरू लागलं, मंगळवारचं बुधवारी, आणि ड्रायव्हरही येता-जाता "घे रे काडी, तुझ्याच जिवावर चाललंय" म्हणून खिडकीत काहीतरी सरकवू लागले.

आणि माणूस बदलला हो. खिडकीत ताठ बसू लागला. "रांगेत या, रांगेत. सुई नवी आहे ना? मागच्या वेळची चालणार नाही." घरी बायकोला सांगायचा, "माझं रक्त म्हणजे सोनं आहे, कळलं का?" बायको शिलाईकाम करायची, तोंडात टाचण्या धरून नुसती हुं म्हणायची.

दोन महिन्यांनी आकडा झाला एकशे चार. मग एकशे अठरा. इथे खरी गंमत झाली. काडीने उस्तादांच्या मशीनकडे बघितलं आणि जिभेने चुकचुक केलं. "उस्ताद, हे बरं नाही. एकशे अठरा! जरा जिभेला आवर घाला."

आता याला काय म्हणावं? पण उस्तादांनीही मान खाली घातली! "काल मुलीकडे गेलो होतो," ते पुटपुटले, "दोन घास जास्तच झाले." आणि हातातला बिस्किटांचा पुडा त्यांनी जाळीतून आत सरकवला. "तूच खा. मला नको."

हसू नका. मशिनावर त्यांचं नाव चिकटवलेलं, दर सोमवारी आकडा त्यांच्या नावाने ऑफिसात लिहिला जाणार, कारकून त्यांनाच विचारणार, "काय उस्ताद, वाढली वाटतं?" चार महिने हे चाललं की माणसाला तो आकडा आपलाच वाटायला लागतो. ढोल्या एकशे एकतीसला इतका घाबरला की बायकोने दिलेला गोड डबा रोज उघडायच्या आधीच काडीला देऊ लागला, आणि संध्याकाळी दोन थांबे आधी उतरून चालत घरी जाऊ लागला. त्याला पहिल्यांदा स्वतःचे बूट दिसले. काडी मात्र सगळ्यांना दम देत, डबा चाटूनपुसून खात, वर पाणी पीत बसायचा.

पाणी फार लागायला लागलं होतं त्याला. टेबलाखाली पाच लिटरचा कॅन आला, आणि दर अर्ध्या तासाला खिडकीवर पाटी, 'आलोच'. मेकॅनिक लोक ओरडायचे, "अरे, स्टोअरमध्ये बसतोस की मुतारीत?" पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं नवीन पाडली होती. डाव्या हाताच्या मधल्या बोटाची एक टोचलेली जागा भरत नव्हती, तिच्याभोवती लाल झालं होतं. त्याने बोट बदललं.

"अहो," बायको म्हणाली, "पँट तिसऱ्यांदा आत घेतेय. आता खिसेच एकमेकांना टेकायला आलेत. दवाखान्यात चला."

"मी? माझ्या रक्तावर सात बस चालतायत!"

"तुमच्या वडिलांचा पाय कशाने गेला, विसरलात?"

"ते जाडजूड होते. साखर हा खात्यापित्या माणसांचा रोग. माझ्याकडे बघ."

"बघतेय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. पण तो तेव्हा पाणी प्यायला उठला होता.

मग आला एकशे त्रेसष्टचा सोमवार. सातही मशिनांवर दोन-चार अंकांचा फरक, बस्स. उस्तादांनी काडीकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच, आकड्याकडे न बघता. म्हणाले, "पोराचं तोंड बघा. पार गळून गेलाय. अशक्तपणा आहे हा. अशक्त माणसाचं रक्त बिघडणारच."

सगळ्यांना पटलं. त्याच दिवशी वर्गणी न काढता, ज्याने त्याने आपणहून, काडीसाठी शक्तीचं काहीबाही आणलं. मध आला, खजूर आला, आणि उस्तादांनी ग्लुकोज पावडरचा मोठा डबा आणला. "रोज चार चमचे, पाण्यातून. नाहीतरी पाणी पितोसच." काडीला भरून आलं. इतकी माया त्याला भावांनीसुद्धा लावली नव्हती.

पुढचा सोमवार, दोनशे चार. त्यानंतरचा, दोनशे एकसष्ट.

कुणी म्हणेल, या सात शहाण्यांपैकी एकाने तरी स्वतःचं बोट टोचून बघायचं. नाही टोचलं. बस अरुंद गल्लीतून मागे घेणारी माणसं ती, पण स्वतःच्या थेंबाला भीत होती. तिसऱ्या सोमवारी दुपारी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं, सातही जणांना एकदम.

काडी खिडकीत बसून वाट बघत होता. डोळ्यांसमोरची फळी अंधुक दिसत होती, बारा नंबरचा बल्ब द्यायच्या ऐवजी त्याने एकवीस नंबरचा दिला आणि मेकॅनिकच्या शिव्या खाल्ल्या. चारच्या सुमाराला सातही जण आले, ते चक्क हसत.

"वाचलो!" ढोल्या म्हणाला. "बाईंनी दंडातून रक्त घेतलं, ताबडतोब तपासलं. चौघांचं अगदी बरोबर. दोघांना पथ्य. मला एक गोळी, सकाळी. बाई म्हणाल्या, सहा महिन्यांत काय केलंत? म्हटलं, गोड सोडलं. खरंच की रे, सोडलंच होतं!"

"आणि मग मशिनं?" काडीने विचारलं.

उस्तादांनी छाती पुढे काढली. "तिथेच तर पकडलं. सातही मशिनं टेबलावर ओळीने मांडली आणि म्हणाल्या, हे एकाच माणसाचं रक्त आहे. कोण तो? तासभर उलटसुलट विचारलं, काडी. सस्पेंड करते म्हणाल्या. पण एकाच्या तोंडून तुझं नाव निघालं असेल तर शपथ! मेलो तरी सांगणार नाही."

"अजून काय म्हणाल्या?"

"काही नाही रे, घाबरवायला काहीतरी. म्हणे, शिक्षेचं नंतर बघू, तो माणूस आज माझ्यासमोर आणा, उद्यापर्यंत थांबू नका. आम्ही काय दूधखुळे आहोत? असं बोलूनच काढून घेतात नाव." त्यांनी जाळीतून एक खोका आत ठेवला. "घे. सगळ्यांनी मिळून आणलाय. केक आहे."

काडीने खोक्याकडे बघितलं. मग एकेकाच्या तोंडाकडे. सात गोल, लाल, तुकतुकीत चेहरे. या सहा महिन्यांत सगळ्यांचं थोडं थोडं वजन उतरलं होतं आणि शोभत होतं.

"बाईंकडे गेलो तर?" तो म्हणाला.

हसणं थांबलं. उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "तू गेलास तर आम्ही सात जण गेलो. आणि तुझी खिडकी पण गेली. बाहेरच्या दवाखान्यात दाखव ना गुपचूप, पुढच्या आठवड्यात. जरा थंड होऊ दे."

बोलणं व्यवहाराचं होतं. खिडकी गेली तर तो कोण? पुन्हा काडी. वाऱ्यात उडणारा. या खिडकीत तो सात माणसांचा तारणहार होता, आणि त्याने पुढच्या आठवड्यापर्यंत तारणहार राहायला कुणाची हरकत नव्हती. तो उठायला गेला आणि टेबलाला धरून तसाच उभा राहिला, कारण पायांखालची फरशी त्याला लागतच नव्हती. तळवे बधिर झाले होते. कधीपासून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने खिडकी बंद केली. 'आलोच'ची पाटी लावायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

डॉक्टरीणबाई निघायच्या तयारीत होत्या. दारातल्या माणसाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, पर्स खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. तुम्हीच ना?"

"त्यांना काढू नका," काडी म्हणाला. "बोट माझं होतं."

"ते मी ठरवीन. पाणी किती पिता? वजन कधीपासून उतरतंय? घरात कुणाला साखर होती?"

त्याने सगळं सांगितलं. पाय गेलेल्या वडिलांचं, बिस्किटांचं, डब्यांचं, ग्लुकोजच्या पावडरीचं. पावडरीपाशी बाईंनी डोळे मिटले. "रोग तुमच्या घरातलाच आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही आगीत तेल ओतलंत. बारीक माणसाला होत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मग त्यांनी ऑफिसातून आलेली यादी पुढे ओढली. "सात मशिनं, सव्वीस सोमवार. एकशे ब्याऐंशी वेळा तुमची साखर तपासली गेलीय. या गावात इतकी कुणाची तपासली नसेल. आकडा दर वेळी तुमच्या डोळ्यांसमोर यायचा ना? वाढताना दिसत नव्हता?"

"दिसत होता की."

"मग?"

उत्तर अगदी साधं होतं, पण तोंडातून काढायची काडीला लाज वाटली. "मी त्यांना रागवायचो," तो शेवटी म्हणाला. "मला वाटायचं, त्यांची वाढतेय."

बाई हसतील असं त्याला वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला, एक खाट ठेवा म्हणून सांगितलं, बायकोचा नंबर विचारून लिहून घेतला. मग कपाटातून आठवं मशीन काढलं, त्यावर त्याचं खरं नाव लिहून चिकटवलं आणि त्याचा हात हातात घेतला. सुई टोचली. काडीने थेंब सराईतपणे पट्टीला लावला.

आकडा आला चारशे अठरा.

"बाप रे!" काडी म्हणाला, आणि सवयीने मागे वळून बघितलं, कुणाला रागवायचं ते. मागे कुणीच नव्हतं.