टाकणखाराचं पाणी

दुकानात सोयाबीनचं दूध उकळत होतं, तेव्हा फोन आला. विद्यापीठातल्या फुरुया-सान होत्या. त्या माझ्या बायकोसोबत, ताझुकोसोबत, एकाच प्रयोगशाळेत काम करायच्या.

"कुरामोची-सान, ताबडतोब या. ताझुको-सान जिन्यात पडल्यात."

"पाय मोडला का?"

"तुम्ही आधी निघा." मी गॅस बंद केला आणि ॲप्रनसकट निघालो. हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी तिच्या केसांपाशी वाकलो. लोण्याचा वास येत होता, रोजच्यासारखाच.

त्या वासावरून गल्लीत आमची चेष्टा व्हायची. शेजारचा मासेवाला विचारायचा, "काय टोफूवाले, स्वतः घरात बटर खाता आणि आमच्या गळ्यात टोफू मारता होय?" ताझुको सांगायची, "खात नाही हो, केसांना लावते." खरं तर तो वास तिच्या कामातल्या एका पिवळ्या द्रवाचा होता.

ते काम काय, हे तिनं मला स्वयंपाकघरात भांडी घासता घासता समजावलं होतं. सशाच्या मांसातून ती एक प्रथिन काढायची. त्यात आर्जिनिन नावाचे बरेच तुकडे असतात. पण त्यातला एकच तुकडा खरं काम करतो, हातासारखा, असं तिचं म्हणणं होतं. पिवळा द्रव त्या हाताला चिकटतो, आणि टाकणखाराच्या पाण्यात तो घट्ट बसतो. मग प्रथिनाचं काम थांबतं.

"म्हणजे मेलंच की ते," मी म्हणालो होतो. "दुधात खारं पाणी घातलं की टोफू होतो. त्याचं परत दूध होत नाही."

"अहो, तेच तर! माझं परत होणार. टाकणखार काढून घेतला की पकड सुटेल आणि ते पुन्हा कामाला लागेल. तसं झालं तरच म्हणता येईल, मी त्याला मोडलं नव्हतं, फक्त हात धरला होता."

"आणि नाही झालं तर?"

"तर तुमचा टोफू."

कित्येक वर्षांच्या कामातली ती शेवटची पायरी होती. प्रथिन सेलोफेनच्या नळीत भरायचं, दोन्ही टोकं बांधायची आणि ती पिशवी टाकणखार नसलेल्या पाण्यात, थंड खोलीत सोडून द्यायची. बाहेरचं पाणी बदलत राहायचं. टाकणखार हळूहळू निघून जातो. ती जिन्यात पडली, त्या सकाळीच तिनं पिशवी पाण्यात सोडली होती.

ती गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तिचे प्रमुख, इनागाकी-सेन्सेई, घरी आले. त्यांनी धूप लावला आणि म्हणाले, "वाईट वाटतं, कुरामोची-सान. प्रथिन परत आलं नाही. द्रवानं ते बिघडलं असणार. तसंच छापायला दिलंय."

मी मान झुकवली. जाताना त्यांना टोफू बांधून दिला. रात्रंदिवस मला एकच वाटत राहिलं, की ती चुकली होती आणि ते तिला कळलं नाही, एवढंच बरं झालं.

शरदात विद्यापीठात प्राण्यांचं स्मरण असतं. मागच्या अंगणात त्यासाठी एक दगड उभा आहे. वर्षभरात मारलेल्या सशांसाठी आणि उंदरांसाठी भिक्षू मंत्र म्हणतो आणि सगळे रांगेनं धूप लावतात. ताझुको न चुकता जायची, गाजरं घेऊन. या वेळी तिची गाजरं मी नेली.

फुरुया-साननी मला भिंतीमागे बोलावलं.

"तुमच्यासमोर उभं राहायची माझी लायकी नाही."

"झालं काय, ते सांगा आधी."

"आमच्यात कुणी नसलं की त्याच्या पिशवीचं पाणी दुसऱ्यानं बदलायचं असतं. कुणाची पिशवी वाया जाऊ द्यायची नाही. त्या संध्याकाळी हॉस्पिटलातून मी सरळ थंड खोलीत गेले. फळीवर ताझुको-सानच्या नावाची बाटली होती. तीच ओतली. दुसऱ्या दिवशीही तीच." त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. "या आठवड्यात फळी आवरताना बाटली फिरवून मागची चिठ्ठी वाचली. ते टाकणखाराचं पाणी होतं."

"जो काढायचा, तोच परत घातलात?"

"हो."

"मग ते कसं परत येणार होतं?"

"येणं शक्यच नव्हतं."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. बाकी कुणाला त्या दिवशी तिची पिशवी आठवलीसुद्धा नव्हती. सेन्सेई दगडाजवळ जपमाळ घेऊन उभे होते. मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "फुरुया-सान आधी माझ्याकडेच आल्या होत्या."

"मग?"

"लेख छापून झालाय. आता एका बाटलीपायी मागे घ्यायचा?"

"मागे घेऊ नका. एकदा पुन्हा करून बघा. दोन दिवसांचं काम आहे, ती म्हणायची."

"तिचं प्रथिन केव्हाच फेकलं. पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा ससे मारायचे." त्यांनी दगडाकडे पाहिलं. "निदान आज तरी असं बोलू नये, कुरामोची-सान."

"मग तिच्या हातून मेले ते कशासाठी मेले?"

ते कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. समोरचा माणूस वाकलेला असताना त्याला काय बोलणार? तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "टोफूवाले, पुढे व्हा." रांग सरकली. मी गाजरं ठेवली, धूप लावला.

घरी आल्यावर सवयीनं टोफूचा तुकडा कापला आणि तिच्या फोटोपुढे ठेवायला गेलो. नाही ठेवला. नुसता भात ठेवला.

फुरुया-साननी टाकणखार नसलेल्या पाण्याची बाटली भरून ठेवली आहे. ते पाणी जुनं झालं की त्या ओतून देतात आणि नवं भरतात. सेन्सेई ससा देत नाहीत. ताझुको करायची तसलं प्रथिन त्या पाण्यात अजून कुणी ठेवलेलं नाही.