शिसं त्याचं, शिव्या मला

मी नळी बोलतेय, चव्वेचाळीसच्या रिव्हॉल्वरची. गोड बोलायला आलेली नाही. एका माणसावर माझा दात आहे, आणि तो का, तेच सांगते.

पोलादाच्या कांबीला भोक पाडून मला घडवलं, आत पिळाच्या खाचा कोरल्या. माझ्या मालकानं, गसनं, मला बावीस वर्षं आयडाहोच्या डोंगरांत एल्क हरणांच्या मागे हिंडवलं. गोळ्या तो स्वतःच ओतायचा. मी त्याला कधी मान खाली घालायला लावली नाही. तो गेला आणि मी त्याच्या बायकोच्या, आर्डिसच्या हाती आले.

गोळ्या मात्र आता तिचा दीर लोवेल द्यायचा. टायरवाल्याकडची चाकांना लावायची शिशाची वजनं वितळवून अख्ख्या नेमबाजी क्लबाला तोच गोळ्या पुरवायचा. त्याच्या गोळ्या आल्या आणि माझ्या आत शिसं धरायला लागलं. बारा बार झाले की खाचा बुजायच्या, आणि समोरच्या कागदाला गोळी आडवी लागायची.

"नळीच भिकार आहे, वहिनी," लोवेल म्हणाला.

भिकार! मी!

मग त्याची अक्कल चालली. गोळी मऊ असेल म्हणून साच्यातून निघाल्या निघाल्या तो ती गार पाण्यात टाकू लागला. गोळी दगडासारखी झाली, शिसं दुप्पट धरलं. त्या क्लबात हा रोगच आहे. शिसं धरलं की गोळी आणखी कडक करायची, मापायचं मात्र नाही. शेवटी त्यानं पोलादी ब्रश घालून मला खरवडलं. मी कळवळले. त्याला काय त्याचं!

"शुक्रवारी बंदूक-कारागिराकडे देऊ. ही भंगारात, नवी बसवू."

"गसची आहे ती, भावोजी."

"गस गेला. नळीही गेली समजा."

हे वाक्य मी गिळलं नाही.

गुरुवारी आर्डिसनं रिव्हॉल्वरचं सहा खान्यांचं फिरतं चक्र काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बार होतो तेव्हा गोळी आधी चक्राच्या खान्यातून जाते, मग माझ्यात येते. खान्याच्या तोंडाशी ती अडली पाहिजे, पेन्सिलीनं ढकलावी लागली पाहिजे. आर्डिसनं लोवेलची गोळी वरून सोडली. टण्ण! सरळ खाली. सहाही खान्यांतून तसंच. गोळी खान्याहून बारीक होती; त्या फटीतून दारूची आग पुढे पळायची, गोळीचं अंग जाळायची, आणि ते शिसं मला फासायची. मऊ गोळी निदान धक्क्यानं फुगून फट बुजवते. याचा दगड कसला फुगतोय!

शुक्रवारी ती कारागिराकडे गेलीच नाही. गसच्या साच्यात तिनं पन्नास गोळ्या ओतल्या, लोवेलसारख्या नळीच्या मापाच्या कड्यातून दाबून बारीक न करता तशाच मेण लावून काडतुसांत भरल्या.

शनिवारी क्लबात सगळे राजमा-खिम्याच्या वाट्या घेऊन बसले होते.

"भावोजी, तुमची गोळी या खान्यात टाका बघू."

"कशाला?"

"टाका हो. चावत नाही."

टण्ण!

"मी नळीच्या मापानं करतो!" लोवेल लाल झाला.

"आणि नळीच्या आधी गोळी कुठून जाते?"

म्हातारा प्रुइट वाटीतून तोंड न काढताच म्हणाला, "चक्रातून, गाढवा."

हशा पिकला. आर्डिस हसली नाही. "माझ्या पन्नास गोळ्यांनी शिसं धरलं तर मीच हिला भंगारात टाकते. नाही धरलं, तर क्लबाच्या ओतशाळेची किल्ली माझी आणि हिची सफाई जन्मभर तुमची."

सगळ्यांसमोर लोवेल कसा नाही म्हणणार?

आधी त्याच्या बारा उडाल्या. कागदाला आडवी भोकं पडली. मग त्याचं शिसं त्यानंच काढलं, तांब्याच्या जाळीनं, चकचकीत पापुद्रे चारचौघांसमोर टेबलावर मांडत. माझ्या जिवाला केवढं गार वाटलं!

मग आर्डिसच्या पन्नास. मी तापून लाल व्हायचंच बाकी होतं. एक पापुद्रा दिसला असता तरी माझा निकाल होता. प्रुइटनं मला उजेडाकडे धरून डोळा लावला.

"आरसा आहे," तो म्हणाला.

लोवेलनं किल्ली टेबलावर ठेवली.

बायांनो, बाप्यांनो, तुमच्या नळीत शिसं धरलं तर तिला शिव्या घालण्याआधी गोळी खान्यात सोडून बघा. एवढंच मागते.

आता दर रविवारी लोवेल येतो, खाली मान घालून मला पुसतो, तेल लावतो. परवा हळूच पुटपुटला, "चुकलं गं माझं."

तेल मी घेते. माफी देत नाही.