चार नंबरचं दार

नवनाथने गेम बनवला तो निव्वळ हौसेपोटी. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी वेल्डर, राहायला तळवड्यात, आणि शिफ्ट सुटली की जुन्या लॅपटॉपवर ही खटपट. कंपनीतल्या शॉपचं, म्हणजे कामाच्या शेडचं, छप्पर काढून वरून पाहिलं तर जसं दिसेल, तसाच नकाशा त्याने काढला होता: लाइन, ट्रॉल्या, कँटीन, रोबोटचे जाळीचे पिंजरे. जेवणाच्या सुट्टीत अख्खी शिफ्ट मोबाइलवर एकमेकांना गोळ्या घालायची. मेलेला गडी लगेच कँटीनच्या दारात पुन्हा उभा राहायचा. सगळ्यांत जास्त मरायचा सुजित. नेम शून्य, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. "भावा, तुझ्या गेममध्ये मी अमर आहे," म्हणायचा.

खऱ्या शॉपमध्ये तो एकदाच मेला. चार नंबरच्या पिंजऱ्यात अडकलेला पार्ट काढायला गेला आणि रोबोटचा हात फिरला. कंपनी म्हणाली, दार बंद होतं, सुजित जाळीवरून चढून आत गेला. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे त्याच्या माथी काहीही मारता येतं.

तेरावं झाल्यावर सुजितची बायको दिव्या पिंपळे गुरवहून नवनाथच्या खोलीवर आली. हातात सुजितचा मोबाइल.

"भाऊजी, मला कंपनीत आत सोडत नाहीत. तुमच्या गेममध्ये कंपनी दिसते म्हणे. हे कुठं उभे होते, तेवढं दाखवा."

नवनाथने गेम उघडून दिला. पिवळ्या टोपीचा सुजित कँटीनच्या दारात उभा. नवनाथने त्याला हळूहळू चार नंबरपाशी नेलं.

दिव्याने पडद्यावर बोट ठेवलं. "बाकीच्या पिंजऱ्यांची दारं बंद आहेत. ह्याचंच उघडं का?"

"ते दार म्या कधी बंद बघितलंच न्हाई, वहिनी," नवनाथ बोलून गेला. आपण काय बोललो ते त्याला नंतर उमगलं. मग त्याने सगळं सांगितलं. दाराला प्लग असतो. दार उघडलं की तो सुटतो आणि रोबोट जागच्या जागी थांबतो. पण सारखी लाइन थांबून कसं चालेल? म्हणून सुपरवायझरने एक जादा प्लग सॉकेटात तारेने कायमचा बांधून घेतला होता. दार सताड उघडं, आणि रोबोटच्या लेखी ते बंद.

"हे तर स्टुलावर चढायलाही घाबरायचे," दिव्या म्हणाली. "चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत. त्यांच्यापुढं सांगाल?"

"सांगतो, वहिनी. सुजितची शपथ."

दुसऱ्याच दिवशी एचआरच्या निरंजन साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. त्यांच्या मोबाइलवर गेम उघडाच होता. "गुणी आहेस रे. फक्त चार नंबरचं दार चुकलंय, तेवढं नीट कर. आणि हो, तुला परमनंट करायचं मीच सुचवलंय वर." धमकीचा एक शब्द नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे नवनाथला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्याने दार बंद केलं. लॅपटॉपवर ते काम चुटकीसरशी झालं, आणि नवा गेम सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. चौकशीच्या साहेबांपुढे मान खाली घालून तो म्हणाला, "दार बंदच असायचं, साहेब."

त्यानंतर एका जेवणाच्या सुट्टीत गेम सुरू झाला आणि पडद्यावर सुजितचं नाव आलं. पिवळी टोपी कँटीनमधून निघाली. हात सराईत नव्हता. ट्रॉल्यांना धडकत, अडखळत ती चार नंबरपाशी पोचली. दार बंद. ती दारावर आपटली, मागे सरली, पुन्हा आपटली.

सुजितचा मोबाइल आता कुणाच्या हातात आहे हे नवनाथला कळलं. त्याला स्वतःची किळस आली.

"हा कोण येडा? गोळीबी मारंना," सुजितच्या जागी नवीन आलेला माणूस हसला आणि त्याने गोळी झाडली.

पिवळी टोपी आडवी झाली. लगेच कँटीनच्या दारात उभी राहिली, आणि पुन्हा चार नंबरकडे चालू लागली.